वायर म्हणजे सातबारा! ('तार तुटली, माणूस सुटला' या लेखाला वैतागून दिलेलं उत्तर)

वैताग_सम्राट (धागाकर्ता):

उद्याचा_माणूस यांचा 'तार तुटली, माणूस सुटला' हा लेख परवा वाचला. तिथे प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: येत्या पंधरा वर्षांत चार्जिंगची वायर पाट्या-वरवंट्याच्या शेजारी जाऊन बसणार, आणि मग काय काय होणार याची यादी आहे. छतातून वीज पाझरणार. गादीत कॉइल (तारेचं वेटोळं), उशीत कॉइल. लोकलची कडी धरली की फोन चार्ज. आरतीच्या टाळ्यांवर फोन चार्ज. वटपौर्णिमेला सुताऐवजी तांब्याची तार गुंडाळायची, सात फेऱ्यांचं कॉइल तयार, वडाखाली बसलेल्या सगळ्यांचे फोन भरणार, आणि बायका 'सात जन्म हाच चार्जर मिळो' म्हणणार. शेवटचं वाक्य, 'वायर ही आधुनिक माणसाची अंधश्रद्धा आहे.'

लेख विनोदी आहे हे मला कळतं. दात काढायला मलाही येतात. पण खाली लोकांनी 'वा, काय दूरदृष्टी' म्हणून रांग लावलीय. एकाने तर नव्या फ्लॅटमध्ये सॉकेटं कमी काढून घेतो असं लिहिलंय. त्या भल्या माणसाला सांगतो, असलं काही करू नकोस. आमच्या बेडरूममधलं एकुलतं एक सॉकेट कपाटामागे गेलंय. अकरा वर्षं मी भिंतीला गाल लावून, दोन बोटं आत घालून, अंदाजाने पिन खुपसतोय. सॉकेट नसण्याचं दुःख मला विचारा.

आता मुद्दा. वायर म्हणजे नुसतं तांबं नाही, तो सातबारा आहे. वीज कुठून निघाली, कोणाच्या फोनात गेली, हे डोळ्यांना दिसतं. दिसतं म्हणून भांडता येतं. गेल्या गणपतीत आमच्याकडे चुलत मेहुणे आले. माझा फोन ४ टक्क्यांवर, हॉलमध्ये चार्जिंगला. मी मोदकांवर तूप वाढायला आत गेलो. बाहेर येतो तर माझा फोन टीपॉयवर पालथा आणि माझ्या वायरीला मेहुण्यांचा फोन. त्यांचा किती होता? ६८. अडुसष्ट टक्के! मला निदान कळलं तरी, कारण वायर होती. तुमच्या त्या छतातून पाझरणाऱ्या विजेत अडुसष्टवाल्याने चारवाल्याच्या तोंडचं पळवलं तर मी कोणाकडे बघून दात-ओठ खायचे?

आणि आत्ता जे वायरलेस म्हणून विकतात त्याला वायर नसते का? पॅडला वायर, ती भिंतीला. फोन पॅडवर नेमका मधोमध ठेवायचा, शाळिग्राम ठेवल्यासारखा. जरा सरकला की सकाळी १२ टक्के. वायरीला लावलेला फोन कानाला धरून बोलता तरी येतं. याला वायरलेस म्हणायचं तर नळाला विहीरलेस म्हणा. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये एक चटई जाहीर केली होती, तीन वस्तू कुठेही टाका, चार्ज होतील. मार्च २०१९ मध्ये जमत नाही म्हणून गुंडाळली. चटई शेवटी गुंडाळायचीच असते म्हणा.

उद्याचा_माणूस:

टीका वाचली. आवडली नाही, पण अडुसष्ट टक्क्यांना हसलो.

वैतागराव, तुमच्यासारखाच एक माणूस अमेरिकेत एमआयटीमध्ये होता. मारिन सोल्याचिच नाव. त्याच्या बायकोचा फोन रात्री-बेरात्री 'मला चार्ज करा' म्हणून कुंईकुंई करायचा आणि हा उठून बसायचा. आपण वैतागून धागा काढतो, त्याने वैतागून संशोधन केलं. २००७ मध्ये त्याच्या चमूने दोन मीटर लांबचा ६० वॅटचा बल्ब विनावायर पेटवून दाखवला. मधे फळ्या वगैरे धरल्या तरी पेटला.

शाळिग्रामचं म्हणाल तर २०२३ च्या नव्या मानकात पॅडला लोहचुंबक आलेत, फोन आपोआप मधोमध चिकटतो. इलेक्ट्रिक टूथब्रशला तर कित्येक वर्षांपासून पिनच नाही, दांड्यावर उभा करायचा की झालं. तिथे कोणी सातबारा मागितल्याचं ऐकलं नाही.

राहता राहिली माझी 'असली' स्वप्नं. अजून एक घ्या. एका वडापावात साधारण ३०० किलोकॅलरी धरा. म्हणजे ३५० वॅट-अवर. फोनची ५००० एमएएचची बॅटरी १९ वॅट-अवरची. एका वडापावात अठरा फोन! भविष्यात फोनला चार्जर नाही, तोंड असणार. वाटल्यास चटणी वेगळी.

ओहम_शांती:

वडापावाचा हिशेब बरोबर आहे. दुर्दैवाने.

बाकीचा नाही. सव्वीस वर्षं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवलंय, त्यामुळे सवय आहे, थोडं ऐकून घ्या. १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. पॅड आणि फोन म्हणजे मधे हवा असलेला ट्रान्सफॉर्मर. पण हे 'शेजारच्या' महत्त्वाचं. वेटोळं जेवढं मोठं, अंतराची उडी त्या मानाने तेवढी मोठी. फोनातलं वेटोळं चकलीएवढं, म्हणून अंतर मिलिमीटरमध्ये. एमआयटीवाल्यांची वेटोळी ६० सेंटिमीटर व्यासाची होती, लग्नातल्या परातीएवढी. आणि बल्बपर्यंत पोचली ती साधारण ४० टक्के. ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

आता तुमचं छत. हॉलच्या मध्यातून चहूबाजूंना सारखी ऊर्जा सोडली आणि फोन तीन मीटरवर असला, तर तीन मीटर त्रिज्येच्या गोलाचं पृष्ठफळ ११३ चौरस मीटर. फोनची पाठ ०.०१२ चौरस मीटर. म्हणजे नऊ हजार चारशेतला एक भाग फोनला, बाकी सोफ्याला. फोनला ५ वॅट द्यायला छतातून ४७ किलोवॅट सोडावे लागतील. पन्नासेक मायक्रोवेव्ह ओव्हन दारं उघडी टाकून चालवल्यासारखं.

टाळ्या: एका टाळीतून अर्धा ज्यूल हाती लागला असं उदारपणे धरू. फोन भरायला १ लाख ३६ हजार टाळ्या. आरत्या संपतील, प्रसाद संपेल, विसर्जन होईल, फोन ९ टक्क्यांवर.

खवचट_खारीक:

४७ किलोवॅट म्हणजे फोनबरोबर मेहुणेही शिजतील. वैताग_सम्राटांचा प्रश्न सुटला, धागा बंद करा.

चौथा_मजला:

धागा बंद नको, मला एक विचारायचंय. मेहुण्यांचं नक्की चुकलं काय?

तुम्ही घरात होतात. तुमच्या हाताशी सॉकेट, रात्र, सगळं होतं. त्यांना परत जायचं होतं. रस्त्यात मॅप लागणार, गाडी बुक करायची, घरी फोन करायचा. ६८ हा आकडा घरच्या माणसाला मोठा वाटतो, निघणाऱ्याला नाही. मी हॉस्टेलला राहते, चौघींत एक बोर्ड, त्यातलं एक सॉकेट मेलेलं. आमचा नियम आहे की जिला आधी बाहेर पडायचंय तिचा फोन आधी. टक्के कोणी बघत नाही.

वैताग_सम्राट:

काय चुकलं?? विचारलं नाही, हे चुकलं. फोन पालथा ठेवला, हे चुकलं. आणि त्यांना डोंबिवलीहून ठाकुर्लीला जायचं होतं. ठाकुर्ली! पुढचं स्टेशन! मॅप लागतो?

मिरजेची_मामी:

राग मानू नका, पण चूक तुमचीच आहे. पाहुणा दारात आला की पाणी विचारतो ना आपण? तसा आता चार्जर विचारायचा. नाही विचारलात म्हणून त्यांना स्वतःच्या हाताने घ्यावा लागला. आमच्याकडे देव्हाऱ्याच्या बाजूच्या बोर्डावर तिन्ही तऱ्हेच्या वायरी कायम लावलेल्या असतात. आलं-गेलं कोणी असो.

वैताग_सम्राट:

मामी, पाणी विचारतो म्हणून पाहुणा माझ्या तोंडचा पेला काढून घेत नाही. तिन्ही तऱ्हेच्या वायरी लावायला बोर्ड लागतो. आमचा बोर्ड कपाटामागे आहे, हे वर लिहिलंय. वाचायचं नाही आणि संस्कार शिकवायचे.

मिरजेची_मामी:

वाचलं. कपाट अकरा वर्षांत सरकवता आलं नाही, हेही वाचलं.

निवृत्त_लाईनमन:

नमस्कार मंडळी. छत्तीस वर्षं खांबावर काढली, म्हणून बोलतो. मेहुण्याचं राहू द्या बाजूला.

वडाला तांब्याची तार गुंडाळणार म्हणता. गुंडाळा. दुपारच्याला गुंडाळली तर दिवेलागणीपर्यंत झाडावर राहत नाही, एवढं लिहून देतो. आम्ही ट्रान्सफॉर्मर बसवून खाली उतरलो न उतरलो तर आठवड्यात आतलं तांबं नि तेल दोन्ही गायब झालेलं पाहिलंय. सात जन्म लांब राहिले, सात तास टिकली तर माझ्याकडून नारळ.

दुसरं, बिनवायरची वीज आम्ही फुकट वाटलेली आहे. चारशे केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या लाइनीखाली रात्री ट्यूब हातात घेऊन उभं राहिलं तर ती मिणमिणते. कशाला जोडायची गरज नाही. नव्या पोरांना घाबरवायला आम्ही हे करायचो. लाइनीला धरून लांबवर तारेचं कुंपण गेलं की त्यातही वीज भरते. लाइन झाली की दोन महिन्यांत शेतकरी यायचा, 'साहेब, कुंपण चावायलंय.' मग जागोजाग अर्थिंग करून द्यायचं. एक आजोबा मात्र म्हणले, राहू द्या, रानडुकरं येईना झालीत. त्यांना समजावता समजावता संध्याकाळ झाली. तर सांगायचं काय, वीज हवेतून येते, पण ती तुम्हाला हवी तेवढी नि हव्या तिथे येत नाही. कुंपणाला येते.

चौथा_मजला:

लाईनमन काका, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे.

पण माझा प्रश्न तसाच आहे. विचारलं असतं तर वैताग_सम्राटांनी दिला असता का? खरं सांगा.

वैताग_सम्राट:

नसता दिला. पण विचारायला हवं होतं.

डेट्रॉइटकर:

इथे मिशिगनला हे सगळं ऐकून गंमत वाटते. डेट्रॉइटमध्ये १४व्या रस्त्यावर २०२३ मध्ये पाव मैलाच्या पट्ट्यात डांबराखाली कॉइल घातलेत. त्यावरून जाणारी, खाली रिसीव्हर लावलेली गाडी चालता चालता चार्ज होते. स्वप्न नाही, मी स्वतः त्या रस्त्याने गेलोय. आपल्याकडे लोक अजून चार्जर कोणाचा यावर भांडतायत. इथे पाहुणा स्वतःचा चार्जर आणतो. साधा सिव्हिक सेन्स आहे.

खवचट_खारीक:

आले. प्रत्येक धाग्यात साधारण पंधराव्या प्रतिसादाच्या आसपास येतात.

पाव मैल म्हणजे चारशे मीटर. आमच्या गल्लीत पाइपलाइन, गॅस, केबल आणि परत पाइपलाइन यांसाठी तेवढाच रस्ता वर्षातून चारदा उकरतात. कॉइल पाचव्यांदा घाला, रस्ता तसाही उघडाच असतो. आणि तुमच्या गाडीला रिसीव्हर होता का हो, की नुसतेच 'गेलात'?

डेट्रॉइटकर:

माझी पेट्रोलची आहे. पण मुद्दा तो नाही.

आणि हे दर वेळी 'आले, आले' करणं थांबवा. मीही चाळीतच वाढलो. आमच्या चाळीत सोळा बिऱ्हाडांत एक फोन होता, खाली वाण्याकडे. तेव्हा कोणी कोणाचं टक्केवारीने मोजलं नाही. दोन ओळी लिहिल्या की लगेच परका ठरवता. लिहायचं की नाही सांगा.

खवचट_खारीक:

लिहा हो. सिव्हिक सेन्स हा शब्द वगळून लिहा. सुट्टीला येता तेव्हा तुमचा तो चपट्या पायांचा चार्जर आमच्या भोकात बसत नाही, मग कोणाचा वापरता तेही लिहा.

डेट्रॉइटकर:

बहिणीचा. विचारून.

मिरजेची_मामी:

दोघंही पुरे करा. वाण्याकडचा फोन सोळा जण वापरायचे तेव्हा रांगेत कोणाचं अडलंय ते बघून पुढे सोडायचे, एवढंच त्यातनं घ्या. कोणाकडे बाळंतपण असलं की तो पहिला.

ओहम_शांती:

मामींनी नकळत खरा तांत्रिक प्रश्न विचारलाय, आणि उद्याचा_माणूस यांच्या लेखात तोच नाही.

चहूबाजूंना ऊर्जा उधळणं शक्य नाही हे वर दाखवलं. मग उपाय काय, तर फोन कुठे आहे ते शोधून झोत नेमका त्याच्यावरच टाकायचा. शाओमीने जानेवारी २०२१ मध्ये असं एक खोकं जाहीर केलं होतं. आत १४४ अँटेना, खोलीत काही मीटरवरच्या फोनला ५ वॅट. घरोघरी आलेलं मला तरी दिसलं नाही, पण तत्त्व चुकीचं नाही. मात्र झोत म्हटला की तो कुठेतरी वळवावा लागतो. खोलीत सहा फोन असतील तर पाच वॅटचे सहा वाटे, नाहीतर एकाला सगळं. कोणाला आधी, हे खोक्याला ठरवावं लागणार. म्हणजे मेहुणे आणि तुम्ही या भांडणाचा निवाडा यंत्र करणार, आणि त्याचे नियम कंपनी लिहिणार.

उद्याचा_माणूस:

सर, हे मला सुचायला हवं होतं. घ्या, आत्ताच लिहितो.

चार्जिंगचं रेशनकार्ड. दहा टक्क्यांखालच्या फोनला पिवळं कार्ड, प्राधान्याने वीज. दहा ते पन्नास, केशरी. पन्नासच्या वर पांढरं कार्ड, म्हणजे नावाला कार्ड, पदरात काही नाही. रॉकेलसारखं महिन्याचं ठरवून द्यायचं. मेहुणे ६८, पांढरं कार्ड. न्याय झाला.

वैताग_सम्राट:

तुम्ही मेहुण्यांना ओळखत नाही. ते पिवळं कार्ड काढतील. त्यांची ओळख असते.

चौथा_मजला:

हॉस्टेलमध्ये हे झालंय! एका मुलीने स्क्रीनवर ३ टक्के दिसेल असा फोटोच वॉलपेपर म्हणून लावला होता, पट्टीसकट. दोन महिने सगळ्याजणी तिला आधी सॉकेट देत होत्या. पकडली गेली कारण ३ टक्क्यांवर ती अख्खी क्रिकेटची मॅच बघत बसली.

तिला आम्ही काय शिक्षा दिली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा चार्जर अजून माझ्याकडे आहे.

निवृत्त_लाईनमन:

मीटर मागे फिरवणारे पाहिले, मीटरला लोहचुंबक लावणारे पाहिले. टक्के खोटे दाखवणारे आता पाहिले. आकडे टाकायची हौस माणसाची जात नाही. आधी तारेवर टाकायचे, आता पट्टीवर.

डेट्रॉइटकर:

मीटरवरून आठवलं. निकोला टेस्ला या संशोधकाने शंभर वर्षांपूर्वीच सगळ्या जगाला फुकट बिनतारी वीज देण्याची तयारी केली होती. त्याला पैसे पुरवणाऱ्या बँकवाल्या जे. पी. मॉर्गनने 'यात मीटर कुठे लावू?' असं विचारलं आणि पैसे बंद केले. भांडवलदारांनीच हे दाबलं. हे तरी मान्य करा.

ओहम_शांती:

नाही करत. मॉर्गनचं हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण तो असं म्हणाल्याचा पुरावा मी अजून पाहिलेला नाही. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले ते अटलांटिकपलीकडे बिनतारी संदेश पाठवण्यासाठी. १९०१ मध्ये लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफला मनोऱ्याचं काम सुरू झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मार्कोनीने फार कमी खर्चात अटलांटिक ओलांडून संदेश नेला. टेस्ला मात्र मनोरा मोठा करा, वीजही पाठवतो म्हणत राहिला. तुमच्याकडून एकाने घराच्या दुरुस्तीला पैसे घेतले आणि मधेच म्हणाला की आता विमानतळ बांधू, तर तुम्ही द्याल? १९१७ मध्ये मनोरा पाडला, कर्ज फेडायला.

बिनतारीच्या गोष्टी सांगायच्या तर कलकत्त्याच्या सांगा. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास तिथल्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडची घंटा लहरींनी वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली.

खवचट_खारीक:

दारू उडवायला आमच्याकडे लहरी लागत नाहीत, मेहुणे पुरतात.

बाय द वे, त्या पॅडच्या मानकाचं नाव काय आहे माहितीय? 'ची'. चिनी भाषेतली प्राणशक्ती वगैरे. इंग्रजीत बघून आमचे दुकानदार त्याला 'क्यूआय' म्हणतात. पण मराठीत ते सरळ षष्ठीचा प्रत्यय निघालं. वीज कोणा'ची'? वैताग_सम्राट एवढी पानं भरून तेवढंच विचारतायत.

वैताग_सम्राट:

आयुष्यात पहिल्यांदा खारकेशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

पण सर, एक हिशेब तुमच्याकडून हवा. पॅडवर वीज वाया जाते, फोन तापतो, तापला की बॅटरी लवकर म्हातारी होते, हे खरं ना? म्हणजे माझाच मुद्दा.

ओहम_शांती:

खरं. वायरीपेक्षा पॅडवर नासाडी जास्त होते आणि ती बरीचशी उष्णता होऊन फोनच्या पाठीत बसते. उन्हाळ्यात जाड कव्हरसकट ठेवला तर हात लावून बघा.

पण हिशेब तुमच्या बाजूने फारसा जात नाही. रोज पूर्ण भरला तरी वर्षाला बॅटरीत जातात ७ युनिटं. वायरीने ८ लागली आणि पॅडने १०-११ लागली असं धरू. फरक दोन-तीन युनिटांचा. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला तीस रुपये. तुमच्या मेहुण्यांनी नेलेली वीज पाच पैशांचीही नव्हती.

एक कोटी लोकांनी केलं तर मात्र दोन-तीन कोटी युनिटं होतात, तेव्हा हसू नका.

लोकलच्या कडीबद्दल राहिलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्या स्थिर क्षेत्रात कॉइलला काहीच मिळालं नसतं. आता वरची तार २५ हजार व्होल्ट एसी आहे, म्हणजे सतत उलटसुलट होणारी वीज. म्हणजे उद्याचा_माणूस यांच्या स्वप्नाला रेल्वेने नकळत एक पायरी चढवलंय. गर्दीत कडी धरायला हात मिळेल का, हा माझा विषय नाही.

वैताग_सम्राट:

पाच पैशांचा प्रश्न नाही!! प्रश्न पालथ्या फोनचा आहे. तो ४ टक्क्यांवरून २ वर येऊन बंद पडला आणि तेव्हाच साहेबांचा फोन येऊन गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी 'फोन चार्जिंगला होता' म्हटलं तर साहेब म्हणाले, मग बंद कसा? काय सांगू? मेहुणे?

मिरजेची_मामी:

आता माझं ऐका, मग भांडा.

आमच्या सासऱ्यांना कंपवात आहे. हात थरथरतो. चार वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःचा फोन स्वतः लावायचे. मग पिन भोकात जाईना. आडवी लावायचे, उलटी लावायचे, दोनदा भोकच बिघडवलं. दुकानदार म्हणाला, आजोबांना फोन देऊ नका. कोणाला हाक मारून 'लावून दे' म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. रात्री फोन तसाच बंद, आणि सकाळी भजनी मंडळाच्या मित्रांचे फोन लागायचे नाहीत. त्यांना वाटायचं म्हातारा रुसला.

पुतण्याने ते पॅड आणून दिलं. आता नुसता ठेवायचा. थरथरत्या हाताने ठेवला तरी चुंबकाने पकडतं. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा उचलून तीनदा ठेवून बघितला. लहान मुलासारखा. कोणा'ची' वीज, किती टक्के वाया, ते तुम्ही ठरवा.

फक्त एकदा सासूबाईंनी त्यावर स्टीलचा चहाचा पेला ठेवला. म्हणाल्या, शेगडी आहे ना छोटी? गरम ठेवील. लाल दिवा लागला आणि पॅड गप्प बसलं.

ओहम_शांती:

धातू ओळखला म्हणून बंद झालं, चांगलं पॅड आहे. स्वस्तातलं असतं तर पेला तापला असता, किल्ली-नाणंही तापतं. आजोबांना पेसमेकर असेल तर एवढं पाळा: पॅड आणि चुंबकवाला फोन छातीपासून निदान फूटभर लांब. शर्टाच्या वरच्या खिशात तो फोन नको.

बाकी तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे आकडा नाही.

उद्याचा_माणूस:

मामी, मी एवढा लांब लेख लिहिला, गादी, वड, टाळ्या. हे एक उदाहरण दिलं असतं तर पुरलं असतं.

(वड मागे घेत नाही.)

निवृत्त_लाईनमन:

वड ठेवा. तार ॲल्युमिनियमची घ्या, चोर कमी येतात. मामींच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

वैताग_सम्राट:

ठीक आहे. थरथरत्या हातांसाठी पॅड मान्य. फक्त त्यांच्यासाठी. धडधाकट माणसाने पिन खुपसावी, व्यायाम होतो. 'वायर अंधश्रद्धा आहे' हे अजूनही अमान्य, छत अमान्य, रेशनकार्ड तर मेहुण्यांच्या हयातीत अमान्य.

आमच्या आईचीही बोटं सांधेदुखीने वळत नाहीत आताशा. पिन लावायला मला बोलावते आणि मी 'थांब गं' म्हणतो. तिच्यासाठी एक पॅड मागवलंय काल रात्री. कोणी चौकशी करू नये.

मिरजेची_मामी:

चौकशी नाही, एकच विचारते. त्या पॅडची वायर कुठे लावणार? तुमचं सॉकेट कपाटामागे आहे ना?

वैताग_सम्राट:

कपाट शिसवी आहे, एकट्याने हलत नाही. रविवारी मेहुणे येतायत हात लावायला.